पत्रांतले जमशेटजी, पुलावरच्या अवाबाई

दिवाळीच्या आवराआवरीत माहेरी, वसईला, माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली. माझे आजोबा विड्याच्या पानांचा व्यापार करायचे. पेटीत त्यांच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. प्रत्येक कार्डावर आधी व्यवहार. करंड्या किती गेल्या, वाटेत पान किती सडलं, भाव काय लागला, येणं किती राहिलं. आणि अगदी तळाला, जागा उरली तर, दोन ओळी घरच्या. धाकट्याचा ताप उतरला, आत्याचं लग्न ठरलं. गंमत म्हणजे एवढ्या कार्डांत आजीचं नाव एकदाही नाही. घरची मंडळी ठीक आहेत, असं लिहिलेलं असायचं. ती घरची मंडळी म्हणजे आमची आजी!

ती कार्डं चाळताना मला सारखे जमशेटजी जीजीभॉय आठवत होते. तुम्ही म्हणाल, कुठे पानवाले आजोबा आणि कुठे हे शेठ! पण त्यांचंही सगळं आयुष्य पत्रांवरच उभं राहिलं होतं.

जे. जे. हॉस्पिटल आपल्याला चांगलंच माहीत आहे. गावातल्या डॉक्टरांनी हात टेकले की पेशंटला घेऊन जे.जे. गाठायचं, हे आपल्याकडे किती घरांनी अनुभवलंय. पण ते दोन जे म्हणजे कोण, हे मलाही लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं.

जमशेटजींचा जन्म 1783 चा, साध्या पारशी घरातला. सोळाव्या वर्षी आई-वडील दोघंही गेले. मुलगा मुंबईला मामाकडे आला. मामा रिकाम्या बाटल्यांचा व्यापार करायचे, म्हणून आडनावच पडलं बाटलीवाला. शाळा फारशी झाली नाही. हिशेब दुकानात शिकले आणि कामापुरतं इंग्रजी साहेबांशी व्यवहार करता करता. 1803 मध्ये बाटलीवाला घराण्यातल्याच अवाबाईंशी लग्न झालं. अवाबाई तेव्हा अगदी लहान होत्या.

तरुणपणी त्यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. इथून कापूस न्यायचा, तिथे विकायचा. 1805 च्या सफरीत तर जिवावरच बेतलं. तेव्हा इंग्रज-फ्रेंचांचं युद्ध चालू होतं. फ्रेंचांनी त्यांचं ब्रन्सविक नावाचं जहाज पकडलं, माल गेला आणि प्रवाशांना थेट आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला नेलं. तिथून कसेबसे कलकत्त्याला आणि मग घरी. लग्नाला दोनच वर्षं झालेली. ना तार, ना टेलिफोन. घरच्या बायकांनी ते महिने कसे काढले असतील, हे आपणच समजू शकतो. आमच्याकडे माणूस शेवटच्या विरार लोकलने आला नाही तरी जीव टांगणीला लागतो.

पण त्याच जहाजावर एक ओळख झाली आणि नशीब फिरलं. जहाजावरचे तरुण डॉक्टर होते विल्यम जार्डिन. पुढे डॉक्टरकी सोडून ते चीनमध्ये कँटनला व्यापारात शिरले आणि मोठे झाले. जमशेटजी इकडे मुंबईत. 1814 मध्ये त्यांनी स्वतःचं पहिलं जहाज घेतलं. मग जैन मोतीचंद अमीचंद, कोकणी मुसलमान महंमद अली रोगे आणि गोव्याकडचे ख्रिस्ती रोजेरियो द फारिया यांच्याबरोबर व्यापार वाढवला. चार धर्मांची माणसं आणि धंदा एक. आपल्या वसईच्या बाजारात अशी भागीदारी कुणाला नवी वाटणार नाही.

मुंबई आणि कँटनमधला हा सगळा कारभार पत्रांवर चालायचा. पत्र जहाजाने जायचं, उत्तर यायला महिने लागायचे. तोवर भाव कुठल्या कुठे गेलेले असायचे. लाखोंचा माल समोरच्याच्या शब्दावर पाठवायचा, म्हणजे विश्वास हेच भांडवल. जमशेटजींच्या पत्रांच्या वह्या आज मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत आणि जार्डिन कंपनीची दप्तरं केंब्रिजच्या विद्यापीठात. जहाज कधी निघालं, हुंडी वटली का, मालाला उठाव आहे का, असल्या बारीकसारीक गोष्टींनी ती भरलेली आहेत. धंद्यातली ही ओळख इतकी घट्ट झाली, की 1839 मध्ये जार्डिन कायमचे विलायतेला निघाले तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांनी त्यांना चांदीच्या भांड्यांचा आहेर केला.

आता जरा जड मनाने लिहिते. या पत्रांतला मोठा माल होता अफू. माळव्यात पिकायची. इंग्रजांचा कर चुकवायला बरीच वर्षं ती लांबच्या वाटेने पोर्तुगिजांच्या दमणला यायची. होय, आपल्या डहाणू-तलासरीच्या पुढचं तेच दमण! तिथून जहाजाने चीनला. चीनच्या राजाने अफूला बंदी केली होती, तरी ती चोरून किनाऱ्याला लागायचीच. 1839 मध्ये चीनचे अधिकारी लिन झेशू यांनी कँटनला अफूच्या वीस हजारांहून जास्त पेट्या जप्त करून नष्ट केल्या. मुंबईच्या व्यापाऱ्यांचं दिवाळं निघायची पाळी आली. जमशेटजींच्या पत्रांत तेव्हा भरपाईची काळजी आहे. कँटनमध्ये त्या धुरात किती संसार बुडाले, याची काळजी मात्र शोधावी लागते. व्यापाऱ्याच्या वहीत अफू म्हणजे कापसासारखाच एक माल.

त्यावरून इंग्रजांनी चीनशी युद्ध केलं. ते 1842 मध्ये संपलं आणि त्याच साली जमशेटजींना सर ही पदवी मिळाली. असा मान मिळालेले ते पहिले हिंदी माणूस. 1843 मध्ये जे.जे.ची पायाभरणी झाली, 1845 मध्ये हॉस्पिटल सुरू झालं. त्यासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले होते. त्याआधी 1822 मध्ये कर्जापायी तुरुंगात पडलेल्या गरिबांचं देणं फेडून त्यांना सोडवलं होतं. 1849 मध्ये पारशी मुलामुलींच्या शिक्षणासाठी संस्था काढली, 1857 मध्ये त्यांच्या देणगीतून चित्रकलेची शाळा उभी राहिली. 1859 मध्ये ते वारले.

मग या माणसाला काय म्हणायचं? माझी मुलगी म्हणाली, आई, अफूच्या पैशातलं दान ते, त्याचं काय कौतुक! मला लगेच उत्तर सुचलं नाही. जे.जे.मध्ये माझ्या सासूबाईंचा जीव वाचला, हे खरं. त्या पैशासाठी दूर देशात कुणाच्या तरी सासूबाईंनी घरातला कर्ता माणूस अफूत गमावला असेल, हेही खरं. एक सांगून दुसरं झाकायचं नाही, एवढं आम्ही दोघींनी ठरवलं.

आणि अवाबाई? नवऱ्याच्या व्यापारी पत्रांत त्यांना शोधण्यात अर्थ नाही. त्या भेटतात माहीमच्या खाडीवर. आपल्या केळवे-माहीमच्या नव्हे हं, मुंबईच्या! तेव्हा वांद्र्याहून माहीमला जायला होडीशिवाय गत्यंतर नव्हतं. 1841 मध्ये वादळात होड्या उलटून माणसं दगावल्याचं सांगतात. कंपनी सरकार पूल बांधायला खर्च करेना. तेव्हा अवाबाई पुढे आल्या. आधी एक लाख, ते पुरेनात तेव्हा वर आणखी, असे दीड लाखाहून जास्त रुपये त्यांनी आपल्या नावावर दिले. पुलावरून जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही, अशी अटही घातल्याचं सांगतात. 1845 मध्ये माहीमचा तो बांध-रस्ता लोकांसाठी खुला झाला. पैसा त्याच व्यापारातला, हे त्यांच्याही बाबतीत विसरता येत नाही. पण तो कुठे लावायचा, हे एका बाईने ठरवलं, तेही 1840 च्या सुमारास. आपण वसईकर, खाडीपलीकडे जायला तरीची वाट बघणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आता लोकलने दादरला जाताना वांद्रं सुटलं की मी पश्चिमेच्या बाजूला बघते. पुढे माहीमहून दादरकडे येणारा मोठा रस्ता लेडी जमशेटजींच्या नावाचा आहे. तिथेही नवऱ्याचंच नाव आणि मागे लेडी! अवाबाई हे नाव आपणच लक्षात ठेवायचं.

आजोबांची कार्डं मी परत पेटीत ठेवली. वर चिठी चिकटवली. आधी आजोबांचं नाव लिहिलं, साल लिहिलं. मग थांबले आणि शेजारी आजीचं नाव लिहिलं, पूर्ण. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा.