तादेउश कोश्चुश्को

तादेउश कोश्चुश्को (४ फेब्रुवारी १७४६ – १५ ऑक्टोबर १८१७) हा पोलिश सेनानी, लष्करी अभियंता आणि १७९४ च्या राष्ट्रीय उठावाचा नेता होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातही त्याने भाग घेतला. भूदास व गुलाम यांच्या मुक्तीसाठी त्याने केलेले प्रयत्न त्याच्या लढायांइतकेच महत्त्वाचे आहेत, जरी त्यांना फारसे यश आले नाही.

पूर्वायुष्य

सध्याच्या बेलारूसमधील कोसावा गावाजवळ एका बेताच्या स्थितीच्या सरदार घराण्यात त्याचा जन्म झाला. वॉर्सातील सैनिकी विद्यालयातून तो १७६९ मध्ये पॅरिसला गेला आणि तेथे चित्रकला व दुर्गरचना शिकला. १७७६ मध्ये तो अमेरिकेत दाखल झाला. साराटोगा येथील तटबंदीसाठी त्याने निवडलेली उंचवट्याची जागा १७७७ मधील विजयास साहाय्यभूत ठरली. हडसन नदीवरील वेस्ट पॉइंटचा किल्लाही त्याच्याच देखरेखीखाली मजबूत झाला. १७८४ मध्ये तो मायदेशी परतला.

१७९४ चा उठाव

१७९३ मध्ये रशिया व प्रशिया यांनी पोलंडची दुसऱ्यांदा फाळणी केली. २४ मार्च १७९४ रोजी क्राकूवच्या चौकात शपथ घेऊन कोश्चुश्कोने उठावाचे नेतृत्व स्वीकारले. सैन्य अपुरे होते. म्हणून त्याने शेतकऱ्यांना हाक दिली. लांब दांड्याच्या विळ्यांची पाती सरळ बसवून त्यांनी भाले केले आणि ४ एप्रिलला रात्स्वावित्से येथे रशियन तोफांवर चाल करून त्या काबीज केल्या. पुढे कोश्चुश्को स्वतः शेतकऱ्यांचा अंगरखा वापरू लागला.

७ मे रोजी त्याने पोवान्येत्सचा जाहीरनामा काढला. त्यानुसार भूदासांना व्यक्तिस्वातंत्र्य मिळाले, वेठबिगारीचे दिवस घटले आणि जमिनीवरून मनमानीपणे हुसकावण्यास बंदी झाली. वेठीवरच उत्पन्न अवलंबून असलेल्या अनेक जमीनदारांनी तो अमलात येऊ दिला नाही. कोश्चुश्कोपुढील पेच उघड होता: जमीनदारांना दुखवून लढा चालणार नव्हता आणि शेतकऱ्यांवाचूनही चालणार नव्हता. १० ऑक्टोबरला मात्सेयोवित्से येथे तो जखमी होऊन रशियनांच्या हाती सापडला. १७९५ मध्ये पोलंड नकाशावरून पुसला गेला.

मृत्युपत्र आणि अखेर

सम्राज्ञी कॅथरीनच्या मृत्यूनंतर झार पॉलने १७९६ मध्ये त्याला मुक्त केले. पुन्हा अमेरिकेत गेल्यावर १७९८ मध्ये त्याने मृत्युपत्र करून आपल्या तेथील मालमत्तेतून गुलामांना विकत घेऊन मुक्त करावे व शिक्षण द्यावे, असे ठरवले. ही जबाबदारी त्याने मित्र थॉमस जेफरसन याच्यावर सोपवली आणि जेफरसनच्या गुलामांचाही त्यात समावेश केला. कोश्चुश्कोच्या निधनानंतर वृद्ध जेफरसनने ती नाकारली. नंतरच्या मृत्युपत्रांमुळे वाद वाढला आणि १८५२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता नातेवाइकांकडे सोपवली. त्या पैशातून एकही गुलाम मुक्त झाला नाही.

युरोपात परतल्यावर त्याने नेपोलियनला साथ दिली नाही. पोलंडच्या स्वातंत्र्याची ठोस हमी त्याला मिळाली नव्हती. १८१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील सोलोथुर्न येथून त्याने आपल्या जमिनीवरील भूदासांना मुक्त केल्याचे जाहीर केले. झारच्या शासनाने ते मानले नाही. त्याच वर्षी तेथेच त्याचे निधन झाले.

त्याचे पार्थिव क्राकूवच्या वावेल कॅथेड्रलमध्ये पोलिश राजांच्या सान्निध्यात ठेवले आहे. शहरालगत लोकांनी १८२० ते १८२३ दरम्यान त्याच्या स्मरणार्थ मातीची टेकडी उभारली. तिच्यात रात्स्वावित्सेच्या रणभूमीची मातीही आहे.