कमला सोहोनी आणि स्पेक्ट्रोस्कोप: बटाट्यात काय सापडलं?

मी बदलापूरच्या खरवईत राहतो आणि इथल्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये काम करतो. ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एमएस्सी केलंय. पण खरं सांगू? कॉलेजमध्ये यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरला माझा हात दोनदाच लागला. बॅच मोठी, यंत्र एकच. एकाने रीडिंग घ्यायचं, बाकीच्यांनी जर्नलमध्ये उतरवायचं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी क्युवेट पारदर्शक बाजूने धरली. काचेवर बोटांचे ठसे उमटले आणि रीडिंग चुकलं. क्युवेट खरखरीत बाजूने धरायची हे पाठ होतं, पण हाताला सवय नव्हती.

म्हणूनच डॉ. कमला सोहोनी यांची गोष्ट मला जवळची वाटते. त्यांना तर लॅबच्या दारातच अडवलं होतं.

दारातच नकार

कमला भागवत यांचा जन्म 1911 चा, इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या मोठ्या बहीण. वडील आणि काका दोघेही केमिस्ट, बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (आजची आयआयएससी) शिकलेले. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची बीएस्सी पहिल्या क्रमांकाने पास होऊन कमलाताईंनी तिथेच अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. ज्यांच्या नावाचं रामन स्पेक्ट्रोमीटर आज अनेक लॅबमध्ये आहे, त्यांनीच मुलगी म्हणून प्रवेश नाकारला.

कमलाताई हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, आणि इतरांचं लक्ष विचलित होता कामा नये. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभरात रामन यांचं मत बदललं आणि तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. 1936 मध्ये त्या एमएस्सी झाल्या.

सायटोक्रोम ओळखतात कसं?

पुढे त्या केंब्रिजला नोबेल विजेते हॉपकिन्स यांच्या विभागात गेल्या. तिथे जागा भरलेल्या होत्या, तेव्हा एका सहकाऱ्याने दिवसा आपलं टेबल त्यांना देऊन स्वतः रात्री काम करायचं ठरवलं, असं सांगतात.

रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींमध्ये सायटोक्रोम सी सापडलं. हे हिमोग्लोबिनसारखंच लोह असलेलं रंगीत प्रथिन आहे. पेशी श्वसन करते तेव्हा ते इलेक्ट्रॉन पुढे पोचवतं. त्याच्यातून प्रकाश सोडला की ठराविक रंग शोषले जातात. इलेक्ट्रॉन घेतलेला असेल तर 550 नॅनोमीटरजवळ, म्हणजे हिरव्या भागात, ठळक काळा पट्टा दिसतो. इलेक्ट्रॉन दिला की पट्टा पुसट होतो. म्हणजे पदार्थ आहे का आणि तो कोणत्या अवस्थेत आहे, हे दोन्ही कळतं. केंब्रिजमध्येच डेव्हिड कीलिन यांनी 1925 मध्ये स्पेक्ट्रोस्कोपने असे पट्टे दाखवले होते.

बटण दाबून आकडा देणारी आजची यंत्रं तेव्हा नव्हती. बेकमन डीयू हा गाजलेला स्पेक्ट्रोफोटोमीटर आला 1941 मध्ये. कमलाताईंची पीएचडी 1939 ची, प्रबंध जेमतेम 40 पानांचा!

परत आल्यावर

भारतात परतून त्यांनी दिल्ली, कुन्नूर आणि लग्नानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत काम केलं. विषय निवडले गरिबांच्या ताटातले: डाळी, तांदळाचं पीठ, नीरा. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्याच विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या. 1998 मध्ये त्यांचं निधन झालं.

आता आमच्या लॅबमध्ये नवीन ट्रेनी आला की मी आधी थिअरी विचारत नाही. क्युवेट हातात देतो आणि म्हणतो, ब्लँक लाव, झिरो कर. चुकला तर चुकू दे. बाजूला उभं राहून हे शिकता येत नाही.