शंभरातले चार रुपये

आज केळीच्या बागांसाठी ओळखले जाणारे डोंगरकडा त्या वेळी परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा झाला तो १९९९ साली. १९८०च्या दशकात बँकेचा अधिकारी म्हणून मी त्या भागात कर्जांच्या तपासणीला जात असे. एकदा बांगड्या विकणाऱ्या एका बाईंनी माझ्याकडे पाचशे रुपयांचे कर्ज मागितले. दिवाळीआधी माल भरायचा होता. मी सातबारा मागितला. त्यांच्या नावावर जमीन नव्हती. नियम सांगून मी त्यांना परत पाठवले आणि निर्धास्तपणे जेवायला गेलो.

पुढे धनंजयराव गाडगीळांविषयी वाचू लागलो, तेव्हा त्या बाई वारंवार आठवल्या.

गाडगीळांचा जन्म १९०१चा. शिक्षण केंब्रिजला झाले. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, तिचे ते पहिले संचालक. पुढची पस्तीसहून अधिक वर्षे ते त्या खुर्चीवर होते. पण अर्थशास्त्र खुर्चीत बसून कळत नाही, हे त्यांनी ओळखले होते. विठ्ठलराव विखे पाटील आणि प्रवराकाठच्या शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना काढला, तेव्हा हा विद्वान लोणीला जाऊन त्यांचा पहिला अध्यक्ष झाला. चौथीपर्यंत शिकलेला शेतकरी आणि केंब्रिजचा पंडित यांची ती जोडी जमली, कारण सावकारी पाश दोघांनाही सारखाच खुपत होता.

तो पाश केवढा होता? रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये देशातल्या ६०० खेड्यांत ग्रामीण पतपाहणी केली. गोरवाला समितीच्या त्या कामात गाडगीळ सदस्य होते. शेतकऱ्याने घेतलेल्या शंभर रुपयांपैकी जवळजवळ सत्तर सावकाराचे निघाले. सहकारी संस्थांचे तीन, व्यापारी बँकांचा जेमतेम एक. उपाय समितीने सुचवला: कर्ज जमिनीच्या तारणावर नव्हे, येणाऱ्या पिकाच्या भरवशावर द्या आणि मालविक्रीशी जोडा. नुसता पैसा हातात पडून धंदा वाढत नाही. माल विकला गेला तरच हप्ता फिटतो.

१९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी गाडगीळांच्या अभ्यासगटाने एकेक जिल्हा एकेका बँकेकडे सोपवून त्याच्या गरजा पाहण्याची दिशा दाखवली. त्यातून अग्रणी बँक योजना आली. तिचेच उद्दिष्टांचे तक्ते मी दरसाल भरत होतो! १९७१च्या मे महिन्यात, नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद सोडून पुण्याकडे परतताना, प्रवासातच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या विचाराची एक मर्यादाही सांगायला हवी. सहकाराने उभा केला तो मुख्यतः जमीनवाला. बिनजमिनीच्या माणसाला पतपेढीचे दार लवकर उघडले नाही. नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली ती १९९२ साली. आठवड्याला थोडे जमवायचे, आपसांत फिरवायचे. ती फेड पाहून बँकेने गटाला कर्ज द्यायचे. तारण म्हणून सातबारा नाही, शेजारणींची ओळख. शिलाई मशीन, शेळी, भाजीची पाटी यांना भांडवल मिळू लागले.

डोंगरकड्याच्या त्या बाई मला पुन्हा भेटल्या नाहीत. दिवाळीचा माल त्यांनी भरलाच असेल. पाचशे रुपये कोणी दिले असतील, हे ओळखायला मला कुठली पाहणी लागत नाही.