अळवावरचं पाणी आणि शेनेक्टडीची कॅथरीन

वड्यांसाठी अळूची पानं धुताना पाण्याचे थेंब पाऱ्यासारखे घरंगळतात, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. पानावर मेणाचे अतिशय बारीक उंचवटे असतात, म्हणून पाणी तिथे ठरत नाही. पण पाणी झटकायला एवढं सगळं लागतंच असं नाही. फक्त एका रेणूच्या जाडीचा थरसुद्धा पुरतो! असे थर एकावर एक रचायची रीत न्यूयॉर्क राज्यातल्या शेनेक्टडी गावात एका बाईनं शोधली. कामासाठी मी काही महिने त्या भागात ये-जा करत होतो, पण कॅथरीन ब्लॉजेट हे नाव तेव्हा ऐकलंही नव्हतं. इंजिनियरिंगला केमिस्ट्री एका सेमिस्टरपुरती, तीही कशीबशी पार पाडलेली.

कॅथरीनचा जन्म १० जानेवारी १८९८ चा. वडील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत पेटंटचे वकील. तिच्या जन्माच्या काही आठवडे आधी घरात शिरलेल्या चोरानं त्यांना गोळी घातली. आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आणि पुढे काही वर्षं फ्रान्सला गेली. कॉलेजात असताना कॅथरीन वडिलांची कंपनी बघायला आली, तेव्हा तिथले शास्त्रज्ञ आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी तिला आणखी शिकून यायला सांगितलं. शिकागोला एम. एस. करून ती १९१८ साली, विसाव्या वर्षी, कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाली. तिथली ती पहिली स्त्री शास्त्रज्ञ. मग केंब्रिजला रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत काम करून १९२६ साली तिथली फिजिक्सची पीएच. डी. मिळवणारीही पहिलीच.

लँगम्यूरनी १९१७ मध्येच दाखवलं होतं, की पाण्यावर स्टिअरिक आम्लासारखा स्निग्ध पदार्थ पसरला की त्याचे रेणू एका रांगेत उभे राहतात. रेणूचं डोकं पाण्याशी मैत्री करणारं, तर शेपूट कार्बन-हायड्रोजनचं, लांब, पाण्याशी हाडवैर असलेलं. म्हणून डोकं पाण्यात, शेपूट हवेत. (या कामाबद्दल त्यांना १९३२ चं नोबेल मिळालं.)

कॅथरीननं त्या पाण्यात बेरियमचा क्षार घातला. म्हणजे झाला एक प्रकारचा साबणच. बोअरच्या जड पाण्यानं आंघोळीच्या बादलीवर पांढरट थर बसतो ना, त्याचा हा चुलतभाऊ. मग स्वच्छ काच पाण्यातून हळूच वर काढली, की डोकी काचेला चिकटतात आणि शेपट्या बाहेर राहतात. पाण्याला आता काच भेटतच नाही, भेटतात फक्त शेपट्या, आणि ते मुकाट्यानं ओघळून जातं. काच पुन्हा बुडवली की शेपटीला शेपटी लागून दुसरा थर, वर काढली की डोक्याला डोकं लागून तिसरा. थर सैल पडू नये म्हणून त्याला मागून दाब द्यायला तिनं काय वापरावं? एरंडेल तेल! मध्ये फक्त एक रेशमी दोरा. हे तंत्र १९३४-३५ मध्ये प्रसिद्ध झालं. मला तर तिच्या बुद्धीपेक्षाही चिकाटीचं जास्त कौतुक वाटतं.

थर वाढत गेले तसे काचेवर रंग दिसू लागले, जाडीप्रमाणे वेगवेगळे. रंग पाहून जाडी ओळखायची सोपी पट्टीच तिनं त्यावरून बनवली. आणि १९३८ साली ४४ थर चढवल्यावर काचेची चकाकी जवळपास नाहीशी झाली. थराची वरची बाजू आणि खालची बाजू यांच्यावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांना मारतात, म्हणून. वर्तमानपत्रांनी 'अदृश्य काच' म्हणून तिला डोक्यावर घेतलं.

पण एक अडचण होती. एवढ्या मेहनतीचा थर बोटानंसुद्धा पुसला जायचा. पाणी त्याच्यावरून निथळून जाई, फडक्यापुढे मात्र त्याचं काही चालत नसे. त्याच सुमारास एमआयटीमध्ये निर्वात पेटीत फ्लोराइडची वाफ काचेवर बसवायची पद्धत निघाली. कॅमेऱ्यांच्या भिंगांवर पुढे असलेच कठीण थर आले, तिचे नाहीत.

तिनं लग्न केलं नाही. बाग, गावातली हौशी नाटकं आणि उन्हाळ्यात लेक जॉर्जचा मुक्काम, यात ती रमायची. १९५१ मध्ये शेनेक्टडीनं तिच्या नावाचा दिवस साजरा केला. १९६३ ला ती निवृत्त झाली आणि १२ ऑक्टोबर १९७९ रोजी त्याच गावात वारली. तिचे थर लँगम्यूर-ब्लॉजेट या जोडनावानं ओळखले जातात. प्रयोगशाळांमध्ये आजही काच तशीच सावकाश पाण्यात खाली-वर करावी लागते, फक्त आता ते काम मोटर करते.