गांधीजींचं घड्याळ लिलावात निघालं, तेव्हा नेमकं काय विकलं गेलं?

५ मार्च २००९. न्यूयॉर्कमध्ये अँटिकोरम या लिलावगृहात बोली लागली होती. हे लिलावगृह जुन्या घड्याळांसाठी जगभर ओळखलं जातं. त्या दिवशी मात्र सगळ्यांची नजर एकाच गठ्ठ्यावर होती. त्यात गोल काचांचा चष्मा, चपलांचा जोड, एक थाळी, एक वाटी आणि चांदीच्या केसमधलं झेनिथ कंपनीचं खिशातलं घड्याळ होतं. मालक होते मोहनदास करमचंद गांधी.

या पाच वस्तूंना २० ते ३० हजार डॉलर येतील असा लिलावगृहाचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोली थांबली १८ लाख डॉलरवर. तेव्हाच्या दराने सुमारे ९ कोटी रुपये. ही बोली विजय मल्ल्या यांची होती.

आता वस्तू म्हणून बघायला गेलं तर त्या गठ्ठ्यात महागडं असं काहीच नव्हतं. झेनिथ ही १८६५ पासूनची चांगली स्विस कंपनी, पण १९१० च्या आसपासचं तिचं चांदीचं घड्याळ काही दुर्मिळ नव्हे. म्हणजे अंदाज आणि बोली यांच्यातला साठपट फरक यंत्रात नव्हता. तो कुठून आला हे समजलं, तर आज मुंबईत किंवा पुण्यात वापरलेलं रोलेक्स, ओमेगा घ्यायला निघालेल्या माणसालाही आपण नक्की कशाचे पैसे मोजतोय ते कळेल. त्यासाठी गांधीजींचं आयुष्य घड्याळांच्या बाजूने बघावं लागतं, आणि ते तसं बघण्यासारखं आहेही.

सुरुवात होते सोन्यापासून. २ ऑक्टोबर १८६९ ला पोरबंदरला जन्मलेला मोहनदास १८८८ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईहून बोटीने बॅरिस्टर व्हायला निघाला. लंडनला पोचल्यावर त्याला जंटलमन व्हायची हौस आली. बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सूट शिवला, उंच हॅट घेतली, नाचाची शिकवणी लावली, व्हायोलिन विकत घेतलं. आणि भारतातल्या थोरल्या भावाकडून घड्याळाची सोन्याची दुहेरी साखळी मागवून घेतली. त्या काळच्या लंडनमध्ये वेस्टकोटावर रुळणारी साखळी हीच माणसाची पत होती. आत घड्याळ कसं चालतंय ते कोण बघतो? भावाने ती पाठवली. घरची परिस्थिती तेव्हा कर्ज काढून शिक्षण चालवण्याची होती, हे लक्षात ठेवलं म्हणजे साखळीचं वजन कळतं.

हे वेड फार टिकलं नाही. काही महिन्यांत मोहनदास पैपैचा हिशेब लिहू लागला, स्वस्तातली खोली बघून पायी हिंडू लागला. हिशेबाची ही सवय शेवटपर्यंत राहिली.

खरी परीक्षा झाली ती १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत. नाताळमधल्या भारतीयांसाठी काही वर्षं काम करून गांधी कुटुंब भारतात परतायला निघालं होतं. निरोपसमारंभात लोकांनी भेटींचा पाऊस पाडला. सोन्याच्या साखळ्या, सोन्याची घड्याळं, हिऱ्याच्या अंगठ्या आणि कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार. त्या रात्री गांधींना झोप लागली नाही. सार्वजनिक कामासाठी मिळालेली वस्तू आपली कशी, हा प्रश्न त्यांना सतावत होता. मुलांना त्यांनी आधी पटवलं आणि मग कस्तुरबांकडे गेले.

कस्तुरबा ऐकायला तयार नव्हत्या. उद्या सुना येतील, त्यांना काय घालायचं, हा त्यांचा सवाल होता. शिवाय गांधींच्या कामात आपलेही कष्ट आहेत, दिवसरात्र घर आपण सांभाळलं, तर हारावर आपला हक्क का नाही, असं त्यांनी ऐकवलं. गांधींनी आत्मचरित्रात हा वाद लपवला नाही. आज वाचताना बाजू कस्तुरबांचीही पटते. अखेर सगळ्या भेटी परत झाल्या आणि त्यांचा विश्वस्तनिधी होऊन बँकेत ठेवला गेला. पारशी रुस्तमजी त्याच्या विश्वस्तांपैकी एक होते.

त्यानंतर गांधींजवळ राहिलं ते वेळ सांगणारं घड्याळ, दाखवायचं नव्हे. पंचा आणि खादी आल्यावर खिसाच उरला नाही, म्हणून ते कमरेला लटकू लागलं. १९३० च्या दशकातल्या फोटोंत ते स्पष्ट दिसतं. त्यांचं इंगरसोल कंपनीचं घड्याळही प्रसिद्ध आहे. ही अमेरिकन कंपनी एका डॉलरला घड्याळ विकून घराघरांत पोचलेली. बादशहाच्या महालात जाणाऱ्या माणसाकडे मजुराचं घड्याळ, याचं तेव्हाच्या पत्रकारांना मोठं अप्रूप वाटे.

गांधींना मात्र घड्याळ अगदी कामासाठी हवं असायचं. १२ मार्च १९३० ला दांडीयात्रा सकाळी साडेसहाला निघाली. १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. हेच पुढचं सेवाग्राम. तिथला दिवस पहाटेच्या प्रार्थनेच्या घंटेपासून रात्रीपर्यंत मिनिटांत बांधलेला असे. कातणं, पत्रं, फिरणं, रुग्णांना भेटणं, सगळ्याची वेळ ठरलेली. भेटायला आलेला कितीही मोठा असो, त्याची वेळ संपली की संपली. अशा माणसाला गजर वाजणारं घड्याळ आवडणार यात नवल नाही. न्यूयॉर्कच्या लिलावातलं झेनिथ नेमकं तसं, गजराचं होतं.

ते त्यांना इंदिरा गांधींनी दिलं होतं. लिलावगृहाने दिलेल्या माहितीनुसार १९४७ मध्ये कानपूरच्या प्रवासात ते रेल्वेतून चोरीला गेलं आणि सुमारे सहा महिन्यांनी चोर स्वतः येऊन, माफी मागून ते परत देऊन गेला. पुढे ते आभा गांधींकडे आलं. आभा म्हणजे गांधीजींचे नातू लागणारे कनू गांधी यांच्या पत्नी. गांधी चालताना ज्या दोघींच्या खांद्यांवर हात ठेवत त्यातली एक.

३० जानेवारी १९४८ ला त्याच आभाने त्यांना वेळेची आठवण करून दिली होती. दिल्लीत बिर्ला भवनात सरदार पटेलांशी बोलणं लांबलं आणि पाचची प्रार्थना चुकत चालली. गांधी उशिराबद्दल नाराज होते. चालता चालता त्यांनी मनू आणि आभाला थट्टेने म्हटलं की माझं घड्याळ तुम्हीच आहात, मग मी कशाला बघू. त्यानंतर काही पावलांवर गोळ्या झाडल्या गेल्या.

आता लिलावाकडे परत. झेनिथची किंमत कशी बनली ते बघा. देणारी व्यक्ती माहीत, चोरीची कथा माहीत, ज्या व्यक्तीकडे गेलं ती त्यांच्या शेवटच्या क्षणी शेजारी. हातांची ही साखळी न तुटता जोडता येते, याला लिलावाच्या धंद्यात सगळ्यात जास्त पैसे मिळतात. २०१७ मध्ये अभिनेता पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना न्यूयॉर्कमध्ये सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं, त्याचं कारणही हेच. पत्नीने मागच्या बाजूला कोरून दिलेली ताकीद, आणि न्यूमनने ते मुलीच्या मित्राला स्वतः दिल्याचा पुरावा.

नाव मोठं असलं म्हणजे भाव मोठा, असा सरळ हिशेब मात्र नाही. २०२० साल बघा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या एका लिलावगृहात ऑगस्टमध्ये गांधीजींचा चष्मा २ लाख ६० हजार पौंडांना गेला, म्हणजे अडीच कोटी रुपयांच्या आसपास. नोव्हेंबरमध्ये तिथेच त्यांचं एक खिशातलं घड्याळ आलं. स्विस, चांदीचा मुलामा दिलेलं, मोडकं. त्यांच्यासाठी काम करायला आलेल्या एका सुताराला त्यांनी ते १९४४ मध्ये दिलं होतं आणि पुढे ते त्याच्या नातवाकडे आलं होतं. हे घड्याळ गेलं १२ हजार पौंडांना, साधारण बारा लाख रुपये. माणूस तोच, वर्ष तेच, लिलावगृह तेच, आणि कुटुंबाची साखळीही सरळ. पण गांधी म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर चष्मा येतो. आणि झेनिथ थाळी, चपला, चष्म्यासकट एका गठ्ठ्यात होतं, जगभर बातमी झाली होती, भारतात संताप होता.

तो संताप समजून घ्यायला हवा. वस्तूंचे मालक जेम्स ओटिस यांनी लिलावाआधी अट घातली होती की भारत सरकारने गरिबांच्या आरोग्यावरचा खर्च वाढवला तर आपण वस्तू परत देऊ. सरकारने ती नाकारली. नवजीवन ट्रस्टच्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने लिलावाला मनाई केली, ऐन वेळी ओटिस स्वतःही मागे हटायला बघत होते, तरी बोली झालीच. ज्याने भेट मिळालेली सोन्याची घड्याळं स्वतःकडे ठेवली नाहीत, त्याच्या घड्याळावर असा वाद व्हावा, हे विचित्रच.

साध्या ग्राहकापुरतं बोलायचं तर मालक प्रसिद्ध नसतो, पण साखळी तशीच लागते. मूळ पावती, डबा, वॉरंटी कार्ड, त्यावरचा नंबर आणि केसवरचा नंबर जुळतो का, कधी आणि कुठे सर्व्हिसिंग झालं. आजोबांनी परदेशातून आणलं होतं ही विक्रेत्याची गोष्ट कितीही गोड असो, कागद नसेल तर तिची किंमत शून्य धरावी. जगभरातल्या जुन्या घड्याळांच्या शौकिनांत मुंबई स्पेशल असा एक शब्दच रूढ आहे. जुन्या स्विस घड्याळाची डायल नव्याने रंगवायची, तीन घड्याळांचे भाग जोडून एक चकचकीत घड्याळ तयार करायचं आणि अस्सल जुनं म्हणून विकायचं. असं घड्याळ चालतं, छानही दिसतं. पण विकायला गेलात की दुसरा शौकीन डायलकडे एकदा बघून परत देतो. उलट डागाळलेली, पिवळी पडलेली मूळ डायल त्याला जास्त प्यारी असते. केस घासून गुळगुळीत केली असेल तरी भाव उतरतो, कारण मूळ कडा गेल्या की त्या परत येत नाहीत.

सुताराला दिलेलं ते मोडकं घड्याळ ब्रिस्टलमध्ये कोणी दुरुस्त करून आणलं नव्हतं. जसं होतं तसंच ते विक्रीला ठेवलं गेलं आणि अमेरिकेतल्या एका संग्राहकाने तसंच घेतलं.