कसबाचे कुलूप तोडणारे मजूरमंत्री

तेर हे गोरोबाकाकांचे गाव. इथे कुंभाराचा पोर चाक फिरवायला बापाजवळ शिकला. सुताराचे, लोहाराचेही तसेच. पण महाराच्या वाट्याला कोणते कसब आले? वेसकरकी, सांगावा आणि मेलेले ढोर! कसब जातीच्या कुलपात बंद होते. ते कुलूप सरकारी तिजोरीच्या बळावर तोडायला निघालेले मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या तरुणांना फारसे ठाऊक नाहीत.

बाबासाहेबांचे घरच सरकारी शिक्षणावर उभे राहिले. सुभेदार रामजी लष्करात शिकले आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. पुढे महारांची लष्करभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, महार पलटण उभारली गेली आणि १९२१ साली गरज सरताच मोडली. बंदूक खाली ठेवलेल्या शिपायापुढे पुन्हा गावकीच उरली. त्याच १९१७ साली कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात नोकरी होती, पण जातीमुळे राहायला खोली मिळाली नाही. नुसत्या शिक्षणाने भागत नाही, हे त्यांनी स्वतः भोगले होते.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. युद्धकाळातील तांत्रिक प्रशिक्षण योजना आणि कामगारांना प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठविणारी बेव्हिन योजना त्यांच्याच खात्याकडे होती. त्याच वर्षी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्या आणि सरकारी छापखाने व रेल्वे कारखान्यांत उमेदवारीच्या जागा मागितल्या. १९४४ पासून शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. युद्ध संपत आले तेव्हा, जुलै १९४५ मध्ये, सुटका होणारे सैनिक आणि युद्धकामगार यांच्या पुनर्वसनासाठी व रोजगारासाठी महासंचालनालय स्थापन झाले. १९२१ साली वाऱ्यावर सोडलेल्या शिपायासाठी अशी काहीच सोय नव्हती! स्वतंत्र भारतात १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना आली. आजच्या आयटीआय त्यातूनच वाढल्या.

समाजबांधवांनो, वकील म्हणून एक गोष्ट सांगतो. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ च्या कलम ३-अ नुसार नियुक्त व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव आहेत. एसटी आगार, महावितरण यांच्याकडे माहिती अधिकारात अर्ज करून विचारा : जागा किती? भरल्या किती? आपल्या किती? जयंतीच्या मिरवणुकीला खर्च होतो, तसा दहा रुपयांचा एक अर्जही करा. बाबासाहेबांनी मागून घेतलेली जागा न विचारल्यामुळे रिकामी राहिली, तर तो दोष आपला असेल.

जय भीम!