विश्लेषण : एका तळ्याच्या काठी आयुष्य घालवणारे चित्रकार आबालाल रहिमान आजही का महत्त्वाचे?

कोल्हापूरच्या कोटितीर्थ तलावाविषयी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १९२२ मध्ये राजर्षी शाहू महाराजांचे निधन झाले आणि त्यांच्या दरबारी चित्रकाराने आपली असंख्य चित्रे या तलावाच्या पाण्यात सोडून दिली. तो चित्रकार म्हणजे आबालाल रहिमान. ही गोष्ट इतकी गाजली की त्यांचे नाव निघताच आधी तीच आठवते आणि चित्रांची चर्चा मागे पडते. मोजक्या परिसरातला निसर्ग, छोटे कागद आणि जलरंग एवढ्यावर उभे राहिलेले त्यांचे काम समजून घ्यायचे, तर गोष्ट थोडी बाजूला ठेवावी लागते.

कोण होते आबालाल रहिमान?

आबालाल यांचा जन्म १८६० च्या सुमारास कोल्हापुरात झाला. घरात अरबी-फारसीचे शिक्षण होते आणि कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती. अशी प्रत म्हणजे केवळ सुंदर अक्षर नव्हे. पानाच्या कडेची वेलबुट्टी, बारीक नक्षी, रंगांचा तोल हे सारे त्यात येते. एका चुकीने पूर्ण पान वाया जाऊ शकते. कमी जागेत, न चुकता आणि घाई न करता काम करण्याचे वळण आबालाल यांना घरातच मिळाले. पुढे त्यांच्या छोट्या निसर्गचित्रांत तपशील दाटीवाटीचे वाटत नाहीत, त्यामागे हे वळण आहे.

मुंबईत ते काय शिकले?

१८८० च्या दशकात आबालाल मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले. १८५७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेची सूत्रे तेव्हा जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे होती. हेच ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करून घेत होते.

जे. जे. मध्ये युरोपीय पद्धतीचे शिक्षण होते. समोरची वस्तू जशी दिसते तशी मोजून काढायची, छाया-प्रकाश ओळखायचा, यथादर्शन सांभाळायचे, म्हणजे दूरची गोष्ट लहान आणि जवळची मोठी दाखवायची. आबालाल यांनी या शिस्तीवर पक्की पकड मिळवली आणि विद्यार्थी असतानाच व्हाइसरॉयच्या नावाचे सुवर्णपदक पटकावले. त्या काळी असे पदक म्हणजे मुंबईत संस्थानिक, पारशी शेठ आणि इंग्रज अधिकाऱ्यांची व्यक्तिचित्रे करून चांगले पैसे मिळवण्याचा परवानाच होता. आबालाल मात्र कोल्हापूरला परतले.

शाहू महाराजांच्या दरबारात त्यांचे काम काय होते?

शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले. कुस्ती, संगीत, नाटक आणि चित्रकला यांना त्यांनी राजाश्रय दिला. त्यातूनच कोल्हापूरला ‘कलापूर’ हे नाव चिकटले. आबालाल यांना त्यांनी दरबारी चित्रकार नेमले. व्यक्तिचित्रे, प्राणी, शिकारीचे प्रसंग अशी कामे त्यांच्याकडे आली.

दरबारी चित्रकाराला सहसा मालकाच्या फर्माइशीप्रमाणे काम करावे लागते. आबालाल यांना मात्र आपल्या मनाप्रमाणे निसर्ग रंगवण्याची मोकळीक मिळाली. पोटापाण्याची सोय झाल्याने चित्र विकले जाईल की नाही, याचा विचार त्यांना करावा लागला नाही. त्यांच्या निसर्गचित्रांमागचा हा आर्थिक आधार लक्षात घ्यायला हवा. पुढे तो तुटला तेव्हा काय झाले, हे त्यावरूनच कळते.

कोटितीर्थाच्या काठी त्यांनी काय रंगवले?

कोटितीर्थ म्हणजे महादेवाचे देऊळ, झाडी आणि पाणी. आबालाल यांचा मुक्काम याच परिसरात होता. याशिवाय रंकाळा, त्याच्या पाण्यातला दगडी संध्यामठ, पन्हाळ्याचा परिसर हे त्यांचे विषय. यांतला ‘संध्यामठ’ सर्वाधिक ओळखला जातो.

विषय मोजके असले तरी चित्रे एकसारखी नाहीत. सकाळचे कोवळे ऊन, दुपारची रखरख, तिन्हीसांजेचा करडा प्रकाश, पावसाळी ढग यांत तेच पाणी वेगळे दिसते. आबालाल नेमका हा फरक टिपत होते. जागा तीच असल्यामुळे बदललेला प्रकाश हाच चित्राचा विषय झाला.

उत्तरायुष्यात त्यांची रंगलेपनाची पद्धतही बदलली. रेखीव कडा सैल झाल्या आणि रंगांचे छोटे छोटे फटकारे शेजारी शेजारी येऊ लागले. जवळून पाहिले तर ठिपके दिसतात, थोडे मागे सरकले की पानांवरचे ऊन दिसते. साधारण त्याच काळात फ्रान्समध्ये क्लोद मोने आपल्या बागेतले कमळांचे तळे पुन्हा पुन्हा रंगवत होते. आबालाल कधी युरोपात गेले नाहीत. तरीही अनेक अभ्यासक त्यांच्या निसर्गचित्रांचे नाते दृक्प्रत्ययवादाशी जोडतात.

छोट्या आकारातले जलरंग अवघड का मानले जातात?

तैलरंगात चूक झाली तर वर दुसरा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात ही सोय जवळपास नाही. इथे उजेड पांढऱ्या रंगाने दाखवत नाहीत. त्यासाठी कागद कोरा सोडावा लागतो. म्हणजे ऊन कुठे पडले आहे हे ब्रश टेकवण्याआधीच ठरवावे लागते. पाणी किती, कागद किती ओला, पहिला थर सुकला की नाही यावर कडा धारदार येणार की विरघळणार हे ठरते. उघड्यावर बसून काम करताना ऊन आणि वारा पाणी झपाट्याने सुकवतात, शिवाय संध्याकाळचा प्रकाश काही मिनिटांत पालटतो.

अशा वेळी छोटा कागद सोयीचा. प्रकाश बदलण्याआधी चित्र पूर्ण होऊ शकते. पण जागा कमी असल्याने प्रत्येक फटकारा नेमका पडावा लागतो. साहित्याची चणचण असताना आबालाल झाडपाला आणि दगडांपासून स्वतः रंग बनवत, असेही कोल्हापुरात सांगितले जाते.

मग चित्रे पाण्यात का सोडली?

शाहू महाराजांचे निधन ६ मे १९२२ रोजी झाले. आबालाल तेव्हा साठीच्या आसपास होते. राजाश्रय देणाराच नव्हे, तर चित्रे समजून घेणारा माणूस गेला, या दुःखातून त्यांनी ती तलावाला अर्पण केली, असे ही आख्यायिका सांगते. निष्ठेची कथा म्हणून ती मनाला भिडते. पण तिच्यात दुसरी बाजूही आहे. त्या काळी शहरात निसर्गचित्रे विकत घेणारा वर्ग जवळपास नव्हता आणि कागदावरची चित्रे जपणारे सार्वजनिक संग्रहालयही नव्हते. एका आश्रयदात्यावर सगळे अवलंबून असले, तर तो गेल्यावर चित्रांना घर उरत नाही. २८ डिसेंबर १९३१ रोजी आबालाल यांचे निधन झाले. प्रसिद्धीमागे ते कधी धावले नाहीत आणि त्यांच्या हयातीत त्यांच्या कामाचा व्यापक गौरवही झाला नाही.

त्यांचा वारसा पुढे कोणी नेला?

कोल्हापूरच्या पुढच्या पिढीतील कलाकारांवर आबालाल यांचा प्रभाव पडला. त्यांत मोठे नाव बाबूराव पेंटर यांचे. पडदे रंगवणारे बाबूराव पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीचे संस्थापक झाले आणि १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ आला. बाबूरावांच्या तालमीत वाढलेले अभिनेते चंद्रकांत मांडरे यांनी निसर्गचित्रणाची ही वाट पुढे चालवली. राजारामपुरीत त्यांच्या चित्रांचे संग्रहालय आहे.

आबालाल यांची उरलेली चित्रे पाहायची असतील तर कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात जावे लागते. ती जपणे सोपे नाही. जलरंग प्रकाशाने फिके पडतात, दमट हवेत कागदावर बुरशी येते. म्हणून जगभरच्या संग्रहालयांत अशा चित्रांवर साधारण ५० लक्स इतकाच मंद प्रकाश ठेवण्याची पद्धत आहे.

दुसरीकडे, चित्रांतला परिसरही टिकलेला नाही. कोल्हापुरातले अनेक जुने तलाव बुजले. कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई आणि वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे. कोटितीर्थ टिकला, पण आबालाल यांच्या वेळची झाडी आणि शांतता उरली नाही. त्यामुळे त्यांची चित्रे आता त्या निसर्गाची नोंदही ठरतात.

बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकांनी याकडे का पाहावे?

दुसरबीड ते कोल्हापूर हे अंतर मोठे आहे. पण दुसरबीडजवळून खडकपूर्णा वाहते, तालुक्याच्या गावी सिंदखेडराजात मोती तलाव आहे आणि लोणारचे सरोवरही फार लांब नाही. २०२० मध्ये लोणारला रामसर यादीत स्थान मिळाले. या पाणवठ्यांचे मोबाइलवर हजारो फोटो निघतात. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या निमित्ताने जलरंगांची पेटीही घराघरात पोहोचलेली असते. आबालाल यांची वाट याहून थोडी वेगळी होती. नवे ठिकाण शोधत फिरण्याऐवजी ते एकाच काठावर पुन्हा पुन्हा बसले. कोटितीर्थाचे त्या काळचे रूप आज कळते, ते त्यांच्या या बसण्यामुळे. खडकपूर्णेच्या काठी असे बसायला जलरंगांची एक पेटी आणि वहीएवढा कागद पुरतो. पूर्ण झालेले चित्र जपून ठेवण्याची व्यवस्था मात्र गावाला, शाळेला आणि शासनालाच करावी लागेल.